कपाळावरचा उजेड

१९८७ साली जपानच्या असाही पेंटॅक्स कंपनीने ‘एसएफएक्स’ नावाचा कॅमेरा बाजारात आणला. अमेरिकेत तोच ‘एसएफ-१’ म्हणून विकला गेला. ऑटोफोकस असलेला, लेन्स बदलता येणारा एसएलआर ही तोवर फारशी अपूर्वाईची गोष्ट राहिली नव्हती; दोन वर्षांपूर्वीच मिनोल्टाच्या ‘७०००’ने ती घरोघरच्या हौशी लोकांपर्यंत नेली होती. पेंटॅक्सची नवलाई वेगळ्या जागी होती. कॅमेऱ्याच्या माथ्यावर, प्रिझमच्या उंचवट्यातच, एक छोटा फ्लॅश दडवलेला होता. लागेल तेव्हा तो वर येई, काम झालं की परत खाली दाबून बंद करता येई. किती उजेड टाकायचा, याचा हिशेबही कॅमेराच लेन्समधून आत येणाऱ्या प्रकाशावरून करत असे. लेन्स बदलता येणाऱ्या एसएलआरमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्याच वर्षी निकॉनच्या ‘एफ-४०१’वर असा फ्लॅश आला, पुढच्या वर्षी कॅननच्या ‘ईओएस ७५०’वर. पुढे फिल्म गेली, डिजिटल आलं, तरी हौशी माणसाच्या एसएलआरवरून हा फ्लॅश हलला नाही. बारशाला, मुंजीला, वाढदिवसाच्या केकसमोर तो आपला टप्पकन वर येत राहिला. गंमत अशी की, कृत्रिम उजेड कॅमेऱ्याच्या जवळ आणण्यासाठी माणसांनी सव्वाशे वर्षं खटपट केली होती आणि तो कपाळावर येऊन बसला तेव्हा जाणकार छायाचित्रकार त्याला कॅमेऱ्यापासून लांब कसा न्यावा, याच विचारात होते. अंगभूत फ्लॅशचा सगळा इतिहास या दोन ओढींमधला आहे.

खटपट सुरू झाली मॅग्नेशियमपासून. हा धातू जळताना पडणारा पांढराशुभ्र उजेड फोटोच्या रसायनांवर चांगला परिणाम करतो, हे रॉबर्ट बुन्सेन आणि हेन्री रॉस्को यांनी १८५९ मध्ये दाखवून दिलं. पुढे मॅग्नेशियमची तार विकत मिळू लागली आणि १८६४ मध्ये मँचेस्टरचे छायाचित्रकार अल्फ्रेड ब्रदर्स यांनी ती पेटवून डर्बीशरमधल्या ब्ल्यू जॉन खाणीच्या पोटातलं चित्र घेतलं. पाठोपाठ १८६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ हीच तार घेऊन गिझाच्या थोरल्या पिरॅमिडमध्ये शिरले. अडचण होती ती धुराची. जळालेल्या मॅग्नेशियमचा पांढरा धूर कोंदट जागेत भरून राही आणि तो विरेपर्यंत दुसरा फोटो घ्यायची सोय नसे.

अंधाराची ही अडचण महाराष्ट्रातही होती. मेजर रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४० च्या दशकात तिथे आले आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच परिसरात राहिले. त्यांनी काढलेले अजिंठा-वेरूळचे फोटो घेऊन जेम्स फर्ग्युसन यांचं ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८६४ मध्येच लंडनला निघालं. आतल्या अंधाऱ्या भिंतींवरच्या रंगांसाठी मात्र गिल यांच्या हाती ब्रश आणि तैलरंगच होते. त्यांच्या त्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. आज अजिंठ्याला येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या हातात फ्लॅश असतो, आणि रंगांना इजा होऊ नये म्हणून लेण्यांत तो वापरायला बंदी आहे.

तारेनंतर आली पूड. १८८७ मध्ये जर्मनीत अडॉल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून एक मिश्रण तयार केलं. ठिणगी पडताच ते भक्कन पेटे आणि क्षणभर खोली उजळून निघे. तार सावकाश जळत राही, हे सगळं एका दमात उरकत असे. अर्थात, सरळ सांगायचं तर ही फटाक्याचीच दारू होती.

न्यूयॉर्कमधले पोलिस-बातमीदार जेकब रीस यांनी या पुडीबद्दल वर्तमानपत्रात वाचलं. स्थलांतरित मजुरांच्या चाळींबद्दल ते कधीपासून लिहीत होते, पण त्या काळोख्या खोल्यांत दहा-बारा माणसं कशी झोपतात, हे शब्दांत सांगून लोकांना पटत नव्हतं. मग मध्यरात्री काही हौशी छायाचित्रकारांना बरोबर घेऊन ते तिथे जाऊ लागले. सुरुवातीला पुडीची काडतुसं पिस्तुलातून उडवली जात. अपरात्री चार अनोळखी माणसं पिस्तूल रोखून घरात शिरली, तर झोपलेल्यांची काय गत होणार? लोक खिडक्यांतून उड्या टाकून पळू लागले. तेव्हा रीस यांनी पिस्तूल टाकून स्वयंपाकाचा तवा उचलला आणि पूड त्यावर पेटवायला लागले. अंध भाडेकरू राहत असलेल्या एका खोलीत या पुडीने भिंतीवरच्या कागदांना आग लागली आणि ती त्यांनी कशीबशी विझवली. नंतर भेटलेल्या पोलिसाला ही हकिगत सांगितली, तर तो हसत सुटला. ते घर इतकं मळकट होतं की त्याला आग लागणंच शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा तर रीस यांचे कपडेच पेटले. तरीही १८९० साली आलेल्या त्यांच्या ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ या पुस्तकाने न्यूयॉर्कच्या चाळींचा प्रश्न अमेरिकेसमोर आणून ठेवला.

या दारूच्या युगात एक गोष्ट आपोआप घडत होती. जळती पूड लेन्सजवळ धरण्याची कुणाची छाती नव्हती. मदतनीस ती हात उंच करून, बाजूला उभा राहून पेटवी. त्यामुळे उजेड वरून आणि तिरका पडे, चेहऱ्याला उठाव येई. सौंदर्यदृष्टी दूरच, त्यामागे निव्वळ जिवाची भीती होती.

ही भीती काचेत बंद झाली १९२९ मध्ये. जर्मनीत ‘व्हॅक्यूब्लिट्झ’ नावाचा बल्ब विकायला आला. आत ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि प्राणवायू. बॅटरीचा प्रवाह सोडला की वर्ख काचेच्या आतच जळून जाई. धूर बाहेर येत नसे, स्फोटाचा आवाज होत नसे. शिवाय आता शटर आणि उजेड यांची गाठ तारेने बांधता येत होती. त्याआधी छायाचित्रकार शटर उघडं ठेवी, पूड पेटवी आणि मग शटर मिटे. बल्बमुळे दोन्ही गोष्टी एका कळीवर आल्या. ड्रेस्डेनमध्ये बनणाऱ्या ‘एक्झाक्टा’ कॅमेऱ्यांवर १९३० च्या दशकातच या बल्बसाठी जोडणीची जागा दिलेली होती. एसएलआर आणि फ्लॅश यांची सोयरीक इतकी जुनी आहे.

बल्बने वृत्तछायाचित्रण घडवलं. ‘स्पीड ग्राफिक’ हा बोजड कॅमेरा, त्याच्या कुशीला लावलेली दंडगोल बॅटरी आणि वर परातीसारखा चकचकीत परावर्तक, हा जामानिमा घेऊन न्यूयॉर्कचा छायाचित्रकार वीजी रात्रभर खून, आगी आणि अपघातांच्या जागी हिंडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी दिल्लीत भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळवलं, तेही ‘स्पीड ग्राफिक’ आणि ‘रोलीफ्लेक्स’च्या जोरावर. एक बल्ब म्हणजे एकच फोटो. खिशात बल्ब किती उरले, याचा हिशेब ठेवत काम करायचं. जळालेला बल्ब काढताना बोटं भाजत. एवढं असूनही त्या दांड्यावरचा उजेड लेन्सपासून वीतभर बाजूला असे, आणि तेवढ्या अंतरानेही चेहरा सपाट व्हायचा वाचत असे.

पुन्हा पुन्हा उजळणारा फ्लॅश दिला तो एमआयटीमधले विद्युत अभियंते हॅरोल्ड एजर्टन यांनी. फिरणाऱ्या मोटरींचा अभ्यास करताना १९३१ च्या सुमारास त्यांनी वायू भरलेली नळी आणि कपॅसिटर यांची जोडी वापरली. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका झटक्यात नळीतून सोडली की वायू लखकन चमकतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात विझतो. दुधाचा थेंब पडून उडालेल्या मुकुटाचं त्यांचं चित्र जगभर गेलं. दुसऱ्या महायुद्धात याच तंत्राचे अवाढव्य फ्लॅश विमानांना बसवले गेले आणि नॉर्मंडीवरच्या चढाईआधी रात्रीच्या अंधारात तिथल्या रस्त्यांचे फोटो घेतले गेले. आजच्या एसएलआरच्या कपाळावरची बोटभर झेनॉन नळी हे त्याच उपकरणाचं धाकटं भावंड आहे.

ते इतकं धाकटं व्हायला मात्र पुढची तीसेक वर्षं गेली. आधी पाठीवरच्या बॅटऱ्या खांद्यावर आल्या, मग ट्रान्झिस्टरमुळे हातात मावू लागल्या. १९६४ मध्ये जर्मनीच्या व्हॉइग्टलँडरने ‘व्हिट्रोना’ काढला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश अंगातच असलेला हा पहिला कॅमेरा, पण बॅटरीसाठी त्याला खाली वेगळी मूठ लावावी लागे आणि तो चालला नाही. लोकांना त्यापेक्षा पुढच्या वर्षी आलेला कोडॅकचा फ्लॅशक्यूब आवडला. एका चौकोनी ठोकळ्यात चार बल्ब, प्रत्येक फोटोला ठोकळा आपोआप फिरणार, चार फोटो झाले की फेकून द्यायचा.

अंगभूत फ्लॅश खऱ्या अर्थाने खपवला तो १९७५ च्या ‘कोनिका सी-३५ ईएफ’ने. जपानी ग्राहकांनी त्याला ‘पिक्कारी’ म्हणून डोक्यावर घेतलं आणि मग प्रत्येक कंपनीला तसा छोटा कॅमेरा काढावा लागला. भारतात हा उजेड ‘याशिका एमएफ-२’सारख्या कॅमेऱ्यांतून आणि नंतर ‘कोडॅक केबी-१०’मधून मध्यमवर्गीय कपाटांत पोहोचला. फ्लॅश चार्ज होताना येणारी ती बारीक, चढत जाणारी शिट्टी आणि मग लागणारा दिवा हे कॅमेरे वापरलेल्या पिढीच्या ओळखीचे आहेत. दिवा लागेपर्यंत ओळीतली माणसं चेहऱ्यावरचं हसू धरून उभी असत.

एसएलआर बनवणारे हे सगळं पाहत होते. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एसएलआरचा खप उतरला. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश, फिल्म आपोआप पुढे सरकणं, सगळं आलं होतं. मग महागडा, जड एसएलआर घेऊन वर वेगळी फ्लॅशगन कोण विकत घेणार? मिनोल्टाने ऑटोफोकसचा जोर लावला आणि पेंटॅक्सने त्यावर फ्लॅश चढवला. लागणारी विद्या तयारच होती. फिल्मवर पडून परत येणारा प्रकाश मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅशची वीज तोडायची, ही युक्ती ऑलिंपसने ‘ओएम-२’ या एसएलआरमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्यालाच बसवली होती.

आता या फ्लॅशचं बळ किती, हे पाहायला हवं, कारण त्याची सगळी बदनामी त्यातून आली. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. तो आकडा लेन्सच्या ॲपर्चरने भागला की उजेड किती मीटरपर्यंत पुरेल, ते कळतं. २००३ च्या ‘कॅनन ईओएस ३००डी’च्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला १३ होता. ॲपर्चर एफ ५.६ असेल, तर पल्ला जेमतेम सव्वादोन मीटर; आयएसओ ४०० केला तर दुप्पट. त्यात उजेडाचा नियमच असा, की अंतर दुप्पट झालं की तो चौथाई उरतो. म्हणून बोहल्यावरच्या फोटोत नवरानवरी पिठासारखी पांढरीफटक आणि मागचे मामा-मामी काळोखात. नाटक-मैफलीत वीस मीटरवरून प्रेक्षक फ्लॅश मारतात, त्याचा उजेड रंगमंचापर्यंत जातच नाही. पुढच्या रांगेतल्या टकलांवर मात्र छान पडतो.

दुसरा दोष जागेचा. फ्लॅश लेन्सच्या अगदी वर असल्याने सावल्या माणसाच्या मागे लपतात, नाक-गालांचा उंचसखलपणा मिटतो आणि चेहरा रंगवलेल्या पाटीसारखा दिसू लागतो. अंधारात बाहुल्या विस्फारलेल्या असताना उजेड सरळ डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जातो, तिथल्या रक्तवाहिन्यांचा रंग घेऊन त्याच वाटेने परत लेन्समध्ये येतो, आणि डोळे लाल होतात. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला चिकटलेला असल्याने हे फारच होई. एसएलआरवर तो बिजागरीवर उंच उचलला जातो, त्यामुळे थोडा फरक पडतो. बाहुल्या आकसाव्यात म्हणून आधी दिवा लावायची किंवा फ्लॅश लुकलुकवायची सोयही आली. त्यात पहिल्या लुकलुकीलाच फोटो झाला, असं समजून लोक मान वळवून मोकळे होत. लेन्स लांब असेल किंवा तिच्यावर हूड लावलेलं असेल, तर फोटोच्या खालच्या कडेला काळी अर्धगोल सावली उमटते, ती तिसरी तक्रार. फ्लॅश वापरताना हूड काढा, ही सूचना कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकांत म्हणूनच असते.

आणि तरी भर दुपारी हाच फ्लॅश कामाला येतो. डोक्यावर ऊन असताना टोपीखालचा चेहरा, भुवयांखालचे डोळे काळे पडतात. दीड-दोन मीटरवरून मारलेला छोटा फ्लॅश त्या सावल्या हलक्या करतो. इथे आडवं येतं शटर. एसएलआरचं पडदा-शटर ठरावीक वेगापलीकडे गेलं की सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतो, नुसती फट सरकत जाते; मग फ्लॅशचा उजेड चित्राच्या एका पट्टीवरच पडतो. ही मर्यादा ‘३००डी’वर सेकंदाचा दोनशेवा भाग होती. २००४ च्या ‘निकॉन डी-७०’मध्ये यांत्रिक शटरला सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक शटरची जोड होती, त्यामुळे तो पाचशेव्या भागापर्यंत जाऊ शकला.

डिजिटलने आणखी एक पेच आणला. फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजण्याची जुनी युक्ती सेन्सरला लागू पडेना, कारण गुळगुळीत सेन्सर फिल्मसारखा प्रकाश परावर्तित करत नाही. उत्तर होतं दोनदा फ्लॅश मारणं. शटर उघडण्याआधी एक हलकी चमक सोडायची, ती परतून किती येते ते मोजायचं आणि त्यावरून खऱ्या फ्लॅशची मात्रा ठरवायची. कॅननने हे फिल्मच्या जमान्यातच, १९९५ मध्ये सुरू केलं होतं. निकॉनने १९९९ च्या ‘डी-१’बरोबर त्याची स्वतःची पद्धत आणली. दोन चमकांमधलं अंतर इतकं कमी असतं की बहुतेकांना ती एकच वाटते. चपळ पापण्यांची माणसं मात्र त्यात सापडतात आणि प्रत्येक फोटोत डोळे मिटलेली दिसतात.

२००० मध्ये आलेल्या ‘फुजीफिल्म एस-१ प्रो’ आणि ‘कॅनन डी-३०’ या दोन्ही डिजिटल एसएलआरवर अंगभूत फ्लॅश होता. हजार डॉलरच्या आत मिळणारा ‘३००डी’ आला आणि तो घरोघर गेला. व्यावसायिकांचे वरचे कॅमेरे मात्र कायम बिनफ्लॅशचेच राहिले. त्यांना मोठा प्रिझम, पाणी-धूळ न शिरणारं अंग आणि धक्के सोसणारा माथा हवा होता. आणि उजेड हवा तिथे ठेवण्याची मुभा.

ती मुभा अंगभूत फ्लॅशनेच मिळवून द्यावी, हा या कथेतला उलटा फेरा. १९९१ मध्ये मिनोल्टाने ‘डायनॅक्स ७एक्सआय’मध्ये कपाळावरच्या फ्लॅशला नवं काम दिलं. त्याने स्वतः उजेड पाडायचा नाही, लुकलुकून लांब ठेवलेल्या दुसऱ्या फ्लॅशला हुकूम द्यायचा. निकॉनने हीच सोय ‘डी-७०’च्या फ्लॅशमध्ये घातली, कॅननने २००९ च्या ‘७डी’मध्ये. २००६ पासून ‘बाल्टिमोर सन’चे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी ‘स्ट्रोबिस्ट’ या नावाने हौशी लोकांना छोटे फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून कोपऱ्यात, दारामागे, छत्रीआड ठेवायला शिकवत होते. पदरमोड करून जादा यंत्र घ्यायला न लागता हे शिकणाऱ्यांना तो टप्पकन वर येणारा फ्लॅश एकदम उपयोगी वाटू लागला. अर्थात, लेन्सजवळच्या सरळ, निर्दय उजेडालाही त्याचे चाहते होतेच. इंग्लंडच्या मार्टिन पार यांनी लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटन किनाऱ्यावर भर दिवसा फ्लॅश मारून काढलेली ‘द लास्ट रिसॉर्ट’मधली चित्रं १९८६ मध्ये वाद माजवून गेली होती. आइस्क्रीम, कचरा, उन्हाने लालबुंद झालेली कातडी, सगळं त्यात सारख्याच झगझगीतपणे दिसतं.

हुकूम देण्याची ही कामगिरी फार काळ टिकली नाही. प्रकाशाचे इशारे भिंतीपलीकडे जात नाहीत आणि उघड्या उन्हात चुकतात. २०१२ मध्ये कॅननने रेडिओलहरींवर चालणारा ‘६००ईएक्स-आरटी’ आणला. २०१६ च्या जानेवारीत निकॉनने रेडिओवर चालणारा ‘एसबी-५०००’ जाहीर केला आणि त्याच वेळी अंगभूत फ्लॅश नसलेला ‘डी-५००’. २०१७ च्या ‘डी-८५०’वरूनही तो उतरवला, त्याआधीच्या ‘डी-८००’ आणि ‘डी-८१०’वर तो होता. अंधारात हजारोंच्या आयएसओवर स्वच्छ चित्र देणारे सेन्सर आल्यावर त्याची गरजही ओसरली होती. महागड्या मिररलेस कॅमेऱ्यांतून तो जवळजवळ गेलाच. ‘निकॉन झेड-५०’ आणि ‘कॅनन आर-१०’ यांसारख्या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांवर मात्र तो अजून आहे, आणि त्याचा पल्ला आजही दोन-चार मीटरचाच.